'आंदारे'चं मूळ

शशिधरांनी ओली छत्री दाराशी टेकवली आणि खुर्चीत बसायच्या आतच विचारलं,

"'आंदारे' शब्द कुठून आला, ते सापडलं का?"

साउथहॅम्प्टनच्या लायब्ररीत इटालियन शिकवणाऱ्या डानिएलाने मान खाली घातली. प्रश्न मुळात त्यांच्या बायकोचा, सुप्रभाचा. 'आंदारे' म्हणजे जाणं. इतका रोजचा शब्द, त्याला मूळ असायलाच हवं, म्हणून तिने डानिएलाला भंडावून सोडलं होतं. मग मार्चमध्ये ती एका साध्या ऑपरेशनसाठी म्हणून गेली आणि घरी परत आलीच नाही.

उभा जन्म दुसऱ्यांच्या बायकांना भूल देण्यात घालवलेले डॉक्टर शशिधर, ती गेली त्या पहाटे घरी गाढ झोपले होते. बायको निरोप न घेता गेली, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. निदान तिच्या प्रश्नाचं उत्तर तरी त्यांना हवं होतं.

"कोणी म्हणतं चालण्यावरून, कोणी म्हणतं हिंडण्यावरून," डानिएला इंग्रजीत म्हणाली. "खात्रीने कोणालाच सांगता येत नाही, डॉक्टर. सॉरी."

एवढे मोठे पंडित आणि एका जाण्याचा पत्ता लागू नये! शशिधरांना भयंकर राग आला. तो पंडितांवरचा नव्हता, हे त्यांचं त्यांनाही कळत होतं.

डानिएलाने फायलीतून एक कागद काढला.

"तिचा शेवटचा होमवर्क. घरातून निघताना टेबलावर ठेवायची चिठ्ठी लिहायची होती."

सुप्रभाचं गोल, टपोरं अक्षर. इटालियनमध्ये एकच ओळ: 'अहो, वेंगो.' दुसऱ्या शब्दावर लाल काट.

"हे 'अहो' म्हणजे तुमचं नाव ना?"

"हो. घरातलं."

"इथे 'वादो' हवं. मी जाते. तिने लिहिलंय, मी येते. दहा वेळा सांगितलं, तरी हसायची आणि पुन्हा तेच लिहायची."

शशिधरांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"चुकली नाही ती," ते म्हणाले. "आमच्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणतात."

डानिएला काहीतरी बोलणार होती, पण शशिधरांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी कागद जवळ ओढला आणि त्या एका ओळीकडे बघत मराठीत हळूच म्हणाले,

"बरं. सावकाश ये."