सात नंबर आणि सोळा नंबर

क्लूनबेग गावच्या बाजारपेठेत गिलहूलींचं मांसाचं दुकान होतं आणि त्या दुकानात अट्रॅक्टा गिलहूली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दुकान मुलाच्या नावावर झालं, तरी गिऱ्हाईक आत शिरताना आधी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं. शाळा तिने लवकर सोडली होती. पण बैलाच्या मांडीतलं हाड ती न बघता सोडवायची, आणि माणसाच्या मनातलंही आपल्याला तसंच सोडवता येतं, अशी तिची पक्की खात्री होती.

त्या मंगळवारी ती रक्ताच्या सॉसेजसाठी कांदा आणि ओट्स कालवत होती. मागच्या कोल्ड रूमचं जाड दार लोटलेलं होतं आणि आतून कुजबुज येत होती. सून, डर्व्हला, फोनवर बोलत होती. अंगात कोट, चारी बाजूंना टांगलेली डुकरं, आणि आवाज असा की जणू पाद्रीबाबापुढे पापाची कबुली चालली आहे.

अट्रॅक्टाचा हात कालवता कालवता थांबला. घरात काय फोनवर बोलायला जागा नव्हती? गेले काही दिवस ही पोर स्वतःचा टॉवेल वेगळा धुते, जेवताना बटाटे चिवडत बसते, फोन वाजला की दचकते. अट्रॅक्टाने मनातल्या मनात एकेक गोष्ट लोखंडी आकड्याला टांगून ठेवली होती.

डर्व्हला बाहेर आली. नाक लाल, डोळेही लाल.

"कोण होतं गं?"

"कुणी नाही, आई. डॉक्टरांचा फोन होता."

"तुमच्या माहेरी, डोनेगॉलकडे, डॉक्टरशी डुकरांमध्ये उभं राहून बोलतात वाटतं?"

डर्व्हला काही न बोलता एप्रन बांधून गिऱ्हाइकाकडे वळली. न बोलणारी बाई काहीतरी लपवते, हे अट्रॅक्टाचं जुनं मत. ती स्वतः कधीच गप्प बसत नसे.

गुरुवारी दुकान बंद झाल्यावर तिने स्वयंपाकघराचं दार लावलं, चहाचा कप सुनेपुढे आदळला आणि सरळ विचारलं, "कोण आहे तो?"

डर्व्हला आधी हसली. मग तिला रडू फुटलं.

"तो कुणी नाही, आई. विषाणू आहे. मी ती बायकांची तपासणी केली होती ना, गर्भाशयाच्या तोंडाची, त्यात निघाला. पॅपिलोमा म्हणतात. त्याचे पुष्कळ प्रकार असतात, माझा सोळा नंबरचा आहे. धोक्याचा. तिथल्या पेशी थोड्या बदलल्यात म्हणे. पुढच्या शुक्रवारी स्लायगोच्या इस्पितळात बोलावलंय, नीट बघायला. आत्ता कॅन्सर नाहीये. पण तसंच ठेवलं तर होऊ शकतो."

एवढं सगळं ऐकून अट्रॅक्टाने त्यातलं एकच उचललं. "हा लागतो कशाने?"

डर्व्हला टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिली. "अंगाला अंग लागून."

"कुणाच्या?"

या प्रश्नाला उत्तर आलं नाही, आणि अट्रॅक्टाला तेच उत्तर वाटलं.

फिंटन, तिचा मुलगा, मागच्या अंगणात सुऱ्यांना धार लावत होता. गडी आडदांड, पण आईपुढे मऊ. तिने त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "बायकोला विचार, कुठून आणलं. आपल्या घरात असलं काही नव्हतं." तो वर गेला. भांडणाचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने तो उशी काखेत घेऊन खाली आला आणि दुकानामागच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेला.

सकाळी डर्व्हलाने काचेच्या कपाटात चॉप्स मांडता मांडता, हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं, "पुढच्या शुक्रवारी मी जाणार नाही."

"का?"

"गेले तर तुम्ही म्हणाल, काही वावगं होतंच म्हणून गेली. तुमचा मुलगा न बोलता म्हणेल. इस्पितळात आपल्या गावच्या तिघीजणी कामाला आहेत, त्या तर बोलूनच म्हणतील. नकोच ते."

"तुझी मर्जी," अट्रॅक्टा म्हणाली. रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या फाटकाशी तिने आपल्या जुन्या मैत्रिणीला, बर्नी टॅन्सीला, बाजूला घेतलं. "तुझ्यापाशी म्हणून सांगते हं," अशी सुरुवात केली आणि सगळं सांगून टाकलं. बर्नीने छातीवर क्रूसाची खूण केली. अट्रॅक्टाला हलकं वाटलं.

सोमवारी तिच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेली चामखीळ फुटली. चामखिळी तिच्या हातांवर कायमच्याच होत्या, सासऱ्यांच्या होत्या, नवऱ्याच्या होत्या, फिंटनच्याही होत्या. खाटकाच्या घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण या वेळी सुरा धरवेना. ती दवाखान्यात गेली. चामखीळ दाखवायची होती हे खरं, पण कार्मेल ब्रेहनी नर्सच्या तोंडून सुनेचं काही निघतंय का, हेही बघायचं होतं.

कार्मेलने हात उलटासुलटा करून पाहिला. "खाटकाच्या चामखिळी. गार, ओल्या मांसात दिवसभर हात राहिले की कातडी मऊ पडते आणि पॅपिलोमा विषाणू आत शिरतो."

अट्रॅक्टाने हात झटकन मागे ओढला. "काय म्हणालीस? कुठला विषाणू?"

"पॅपिलोमा."

"तरीच! वेगळे टॉवेल धुते म्हणून काय झालं, शेवटी आणलाच तिने माझ्या अंगावर! माझ्या हाताला तिचा रोग!"

"तिचा म्हणजे कुणाचा, ते मला सांगू नका, मिसेस गिलहूली. मी कुणाबद्दल बोलणार नाही, तुम्ही खोदून विचारलंत तरी." कार्मेलने हातमोजे काढले. "पण या विषाणूबद्दल सांगते. हे मोठं खानदान आहे, दोनशेच्या वर भावंडं. एकच आडनाव, पण स्वभाव निराळे. खाटकांच्या हातावर बसतो तो बहुतेक सात नंबरचा. त्याने कुणी मरत नाही. सहा आणि अकरा नंबरचे खाली चामखिळी आणतात, लाज आणतात, जीव सहसा घेत नाहीत. सोळा आणि अठरा मात्र बदमाश. काही दिसत नाही, दुखत नाही, आत बसून राहतात. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, घशाचासुद्धा. शाळेत मुलामुलींना लस देतात, ती यांच्यासाठीच."

"आणि येतो कुठून तो सोळा नंबरचा?"

"कुणाकडूनही. जन्मात एकाच माणसाशी संबंध आला तरी येतो. वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि एक दिवस तपासणीत सापडतो. कुणी कुणाला दिला, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. नवऱ्याने लग्नाआधी आणलेला असू शकतो, त्यालाही ठाऊक नसतं. पुरुषांची तर अशी तपासणीच होत नाही."

अट्रॅक्टाने चामखिळीचा अंगठा मुठीत झाकला.

"एक विचारू?" कार्मेल म्हणाली. "इतकी वर्षं हातावर विषाणू घेऊन तुम्ही गावाला मांस कापून दिलंत. कधी कुणी विचारलं, कुठून आणलंत म्हणून?"

बाहेर पडताना अट्रॅक्टाने दार जरा जोरातच लावलं.

पण बर्नीने तोवर आपलं काम केलं होतं, आणि गावाने त्यात मीठमसाला घातला होता: सुनेचा रोग सासूच्या हातावर आला म्हणे. बुधवारी नेहमीची गिऱ्हाईक डॉयलीण म्हणाली, "आज फिंटनच देऊ दे हं." एकीने किमा कागदात बांधून घेतला आणि कागद दोन बोटांनी धरला. जी ती अट्रॅक्टाच्या हातांकडे बघायची आणि मग छताकडे. गुरुवारी मूत्रपिंडांचा अख्खा ट्रे तसाच परत कोल्ड रूममध्ये गेला. अट्रॅक्टाला कळलं. ज्या नजरेने ती आठवडाभर सुनेला सोलत होती, तीच नजर आता काचेपलीकडून तिच्यावर लागली होती.

शुक्रवारी सकाळी बर्नी आली. दुकानात आणखी चौघी होत्या. डर्व्हला सॉसेज तोलत होती, फिंटन ओंडक्यावर बरगड्या तोडत होता.

"अगं अट्रॅक्टा," बर्नी सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, "लोक काहीही बोलतात बघ. मी तर सांगते सगळ्यांना, अट्रॅक्टाच्या हाताचं ते साधं आहे, सभ्य आहे. त्या दुसऱ्या प्रकारातलं नाही. हो ना?"

दुकान थांबलं. डर्व्हलाने मान वर केली नाही. तिच्या हातातली सॉसेजची माळ तराजूवर अर्धी आणि बाहेर अर्धी लोंबत राहिली.

एक 'हो' म्हणायचं होतं. तेवढ्या एका 'हो'वर दुकान वाचत होतं, नाव वाचत होतं, आणि समोरची पोर कायमची बुडत होती. अट्रॅक्टाला कार्मेलचा प्रश्न आठवला. मग तिने दोन्ही हात काचेवर पालथे ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

"नीट बघ, बर्नी. हा सात नंबर. माझ्या सुनेचा सोळा नंबर. एकाच खानदानातले. माझा निरुपद्रवी म्हणून मी सभ्य आणि तिचा जीवघेणा म्हणून ती वाईट? जिला जास्त धोका तिला जास्त शिव्या, असला हिशोब कुठे शिकलीस? माझ्याकडेच शिकलीस, मला ठाऊक आहे. फाटकाशी मी बोलले ते घाणेरडं बोलले. आता ते परत घेते, तेही सगळ्यांसमोर."

"आई..." फिंटन पुटपुटला.

"तू तर बोलूच नकोस. तुझी केली का रे कुणी तपासणी? नाही ना? मग कुठल्या तोंडाने उशी घेऊन खाली आलास? सोळा नंबर तुझ्याकडूनच आला नसेल कशावरून?"

फिंटनचे कान लाल झाले. त्याने सुरा खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. त्या गुरुवारनंतर पहिल्यांदाच.

"किती वाजताची वेळ आहे गं?" अट्रॅक्टाने विचारलं.

"दुपारची," डर्व्हला म्हणाली. "रद्द करायला फोन करणार होते... झाला नाही."

"बरं झालं. फिंटन, गाडी काढ."

"शुक्रवारी दुकान बंद ठेवायचं?" तो म्हणाला. गिलहूलींचं दुकान घरात मयत झाल्याशिवाय शुक्रवारी बंद राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"मयत होऊ नये म्हणूनच बंद करतेय."

तिने मांस बांधायचा तपकिरी कागद फाडला, भाव लिहायचा जाड पेन घेतला आणि जीभ दातात धरून लिहायला लागली. अक्षर वाकडं, पण मोठं. डर्व्हलाने खांद्यावरून वाचलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आई, हे असं भर रस्त्यावर लावायचं?"

"डुकराचं मुंडकं आपण काचेत मांडून ठेवतो, त्याची कुणाला लाज वाटत नाही. याची का वाटावी?"

गाडीत तिघं पुढच्याच बाकावर दाटीवाटीने बसले. गाव मागे पडल्यावर डर्व्हला हळूच म्हणाली, "काही निघालं तर?"

"निघालं तर काढतील," अट्रॅक्टा म्हणाली, आणि आपला खरखरीत, सात नंबरचा हात तिने सुनेच्या हातावर ठेवला. डर्व्हलाने तो काढून टाकला नाही.

इकडे बंद दारासमोर बर्नी टॅन्सी ओठ हलवत वाचत होती. तिच्या मागे डॉयलीण येऊन थांबली, मग आणखी दोघी. कागदावर लिहिलं होतं:

"सुनेला गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीला घेऊन गेले आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, तिला नाही. ज्या बायकांची ही तपासणी राहिली आहे, त्यांनी आधी ती करून यावी. मांस उद्याही मिळेल. अट्रॅक्टा गिलहूली."

मजकूर छोटा होता. पण वाचायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्या बायका तिथे उभ्या होत्या.