एका हाताचा देव

मोताळ्यात आमच्या घराची पुढची खोली मी माणूस पाहून भाड्याने देते. मागे एका मास्तराला नाही म्हटलं, कारण माझ्याशी बोलताना त्याची नजर परसातल्या लिंबांवर होती. आग्नेसला मात्र उभ्या उभ्या हो म्हटलं. ती दवाखान्यात सिस्टर, जालन्याकडची, कपडे स्वच्छ, बोलणं कमी. सोबत आई पंचफुला. तिचं कंबरेचं हाड मोडलेलं, डोळ्यांत मोतीबिंदू. कोण, कुठले, हे विचारायची गरजच पडली नाही. सामान लावताना भिंतीत पहिला खिळा ठोकला तो त्यांच्या देवासाठी.

देव पाहून मला कसंतरीच झालं. लाकडाची फुली, तिच्यावर हात फाकवून खिळलेला उघडा माणूस, कंबरेला नुसतं फडकं. त्यातही एक हात कोपरापासून तुटलेला. पंजा तेवढा लाकडाला चिकटून राहिला होता, मधला हात गायब.

"हे काय वो, पंचफुलाबाई?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. पोटात ठेवायची मला सवय नाही. "देवाले कोणी खिळे ठोकते काय?"

"रोमी लोकांनी ठोकले," ती म्हणाली. "तिकडं त्यांचं राज्य व्हतं. ज्याला बेइज्जत करून मारायचं त्याला असं मारायचे. गुलामाला, नाहीतर सरकारावर उठलेल्याला. कपडे काढून, रस्त्याच्या कडंला, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून. जीव बी लवकर जात नव्हता. दम कोंडून मरायचं माणूस."

"मंग अशी बेइज्जती भिंतीवर काऊन लावता? आमचे देव पाहा, हाती त्रिशूळ, गदा!"

"तुमच्या देवाच्या हातात हत्यार, आमच्याच्या हातात खिळा." ती हसली. "आमचं पाप त्यानं अंगावर घेतलं, बाई. ज्यांनी ठोकले त्यांच्यासाठी बी मरता मरता माफी मागितली. म्हणला, काय करायलेत ते यांना कळंना."

"मी असती तर एकेकाचं नाव घेऊन शिव्या घातल्या असत्या."

"म्हणून तर तुम्हाला कोणी भिंतीवर लावणार नाही."

मला तोंडावर असं बोलणारी बाई अख्ख्या गावात दुसरी नाही. मग रोज दुपारी चहा घेऊन मी तिच्याजवळ बसायला लागले. एकदा दारात कोणाला तरी सांगत होते, "म्हातारी अंथरुणाले खिळेल आहे," तर आतून आवाज आला, "खिळलेलीच ना? मग मी त्याच्या शेजारची."

तिची एकच ओढ होती. पाडव्याच्या मागे-पुढे त्यांचा एक शुक्रवार येतो, देवाच्या मरणाचा. त्या दिवशी उपास धरायचा आणि चर्चमध्ये जाऊन क्रुसावरच्या देवाच्या पायांचा मुका घ्यायचा. हाड मोडल्यापासून तिचं चर्च सुटलं. म्हणून आग्नेस घरचाच क्रूस उतरवून तिच्या ओठाला लावायची. पंचफुलाला तिच्या बापाने लग्नात दिलेला होता तो. डोळ्यांना दिसत नसलं तरी ओठांना ते पाय ओळखीचे होते. "एवढा शुक्रवार घडला म्हणजे झालं," म्हणायची. "पुढच्याची खात्री नाही."

पाडवा तोंडावर आला तसं मी घर रंगवायला काढलं. रंगाचा वास म्हातारीला सोसणार नाही, म्हणून तिला आमच्या मधल्या खोलीत आणून निजवलं. आग्नेस ड्युटीवर. भिंतीवरचा देव मीच उतरवला, आणि हातात घेतल्यावर मला राहवेना. नवं वर्ष, नवा रंग, आणि पुन्हा तुटकाच देव लावायचा? खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, हे आमच्याकडे लेकरालाही सांगावं लागत नाही. गणपतीचा कान उडाला तरी आम्ही त्याला मानाने पाण्यात सोडतो. यांच्यात सांगणारं कोणी नसेल, असं मला वाटलं.

हळदकुंकू वाहिलं. कोऱ्या लाल ब्लाउजपिसात गुंडाळलं. वर नारळ ठेवला. आणि आमच्या यांना म्हटलं, "अहो, गाडी काढा. नळगंगेच्या धरणावर जा, अन् खोल पाण्यात सोडून या. दगड बांधा, तरंगून काठाले लागला नाही पाहिजे."

"त्यायले विचारलं काय?" हे म्हणाले.

"चांगल्या कामाले विचारा लागते काय? नवा आणून देऊ, पितळेचा."

हे गेले. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी एक शहाणा प्रश्न विचारला, तोही मी ऐकला नाही.

संध्याकाळी आग्नेस आली. रंगवलेली खोली पाहून खूश झाली. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "काकू, क्रूस कुठं ठेवला?"

मी सांगितलं. चांगलं ऐटीत सांगितलं, हळदकुंकवासकट.

ती उंबऱ्यावरच बसली. "काकू, तो तुटला म्हणून काढायचा नसतो हो," ती म्हणाली. "तो मोडला, म्हणून तर आमचा आहे."

इतके दिवस पंचफुला हेच तर सांगत होती, आणि मी चहा ओतत होते.

हे तसेच परत धरणावर गेले, मासे धरणाऱ्या भोयांना सोबत घेऊन. जाळी टाकली, बुड्या मारल्या. नारळ तेवढा सापडला.

आईला कसं सांगावं म्हणून आग्नेस रडत होती. मी म्हटलं, सोडलं मी, सांगतेही मीच. पंचफुलाच्या खाटेजवळ जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर उलट उत्तर दिलं असतं, नाहीतर मान खाली घालून ऐकल्या असत्या. दोन्हीची तयारी करून गेले होते.

ती म्हणाली, "पाण्यात सोडला?"

"हाव. खोल पाण्यात."

"खिळल्यावर तहान लागली म्हणला व्हता. लोकांनी त्याला आंब, म्हंजी आंबट दारू, चाखवली." तिने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "तुम्ही पाणी तरी दिलं, बाई."

टोमणा असता तर मी ओळखला असता. टोमणे मारण्यात माझा जन्म गेला. तो टोमणा नव्हता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आग्नेसने जालन्याहून नवा क्रूस मागवला. चकचकीत, दोन्ही हात शाबूत. शुक्रवारी दुपारी तिने तो आईच्या ओठाला लावला. पंचफुलाने मुका घेतला, बोटांनी पाय चाचपले, मग हळूच म्हणाली, "दुसऱ्याचे हायेत गं." तक्रार नव्हती. रस्त्यात माणूस चुकून ओळखावं आणि मग सोडून द्यावं, तसं म्हणाली.

आग्नेस प्रार्थनेला बुलढाण्याला गेली. मी खाटेजवळ बसले. चहा केला नव्हता, उपास मलाही होता, कोणाला सांगितलं नव्हतं.

"कोकिळाबाई," पंचफुला म्हणाली, "शेवटी तो तुमच्या हातात व्हता. तोंड कसं व्हतं त्याचं?"

माणूस गेलं की घरचे असंच विचारतात. शेवटी जवळ कोण होतं, पाणी मागितलं का, तोंड शांत होतं का. आणि आपण सांगतो, शांत होतं हो, झोपल्यासारखं. मी कितीक घरांत सांगितलं आहे, न पाहताही.

"डोळे होते तेव्हा नीट बघितलं नाही," ती म्हणाली. "भिंतीवर हायच म्हणून राहून गेलं. आता आग्नेसला विचारावं तर रडती. डोळे उघडे व्हते का मिटलेले?"

मी आठवायला लागले. तुटकं कोपर आठवलं. तो सुटा पंजा आठवला. कुंकू कुठे वाहिलं ते आठवलं, लाल ब्लाउजपिसाची गाठ आठवली, ती सुटू नये म्हणून पुन्हा आवळली तेही आठवलं. तोंड आठवेना. रोज त्याच्यासमोर बसून चहा प्यायले, हातात घेऊन अख्खा कापडात गुंडाळला, आणि पाहिलं काय, तर मोडलेलं तेवढं.

झोपल्यासारखा होता, हे ओठांवर आलं होतं. बोलवेना.

"मी पाह्यलं नाही, पंचफुलाबाई."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "बरं."

तिला झोप लागली तशी मी उठले. नवा क्रूस भिंतीवरून काढून दारातल्या उजेडात नेला आणि त्याचं तोंड पाहिलं. किती वेळ पाहत होते कोण जाणे. त्याचे डोळे मिटलेले होते. पण तो दुसरा होता, म्हणून ते मी तिला सांगितलं नाही.