चाकांचा चुडा

पहाटेपासून हिम झरत होतं. दुपारी ते थांबलं, तेव्हा शुभ्र देवदार, शुभ्र कडे, शुभ्र मौन. आणि त्या साऱ्या शुभ्रतेवर कोवळं, केशरी, कृपाळू ऊन. हिमाचलातल्या एका खिंडीच्या पायथ्याला, लोखंडी फाटकापाशी, एक निळी जीप उभी होती.

जीपमध्ये द्वारकाबाई रासने बसल्या होत्या. मांडीवर सुती लुगड्याच्या घडीत काचेच्या हिरव्या बांगड्यांची पेटी, आणि पेटीवर दोन्ही तळहात. टेंभुर्णीत त्यांनी चाळीस वर्षं कासारकी केली. किती नवऱ्या मुली, किती गर्भारशी त्यांच्यापुढे हात देऊन बसल्या, त्याला गणती नाही. पण पोटच्या लेकीचं, इंदुमतीचं लग्न बदलीच्या घाईत कचेरीत सह्या करून उरकलं, आणि तिच्या हातांत चुडा भरायचा तेवढा राहून गेला. चार वर्षं ते शल्य आईच्या काळजात सलत होतं. इंदू खिंडीपलीकडच्या दवाखान्यात परिचारिका होती, आणि उद्या तिचं डोहाळजेवण होतं.

"चारला फाटक बंद," पहारेकरी सांगून गेला होता. "चाकांना साखळ्या चढवल्याशिवाय वर सोडणार नाही. रात्रीपासून पुन्हा बर्फ आहे, मग आठवडाभर रस्ता विसरा."

सव्वातीन वाजले होते.

द्वारकाबाईंचे यजमान भगवंतराव तीस वर्षं एस.टी. चालवून निवृत्त झालेले. दुरुस्तीला खाली आलेली जावयाची जीप वर न्यायची कामगिरी त्यांनी मोठ्या ऐटीत अंगावर घेतली होती. घाट त्यांच्या हाडीमाशी खिळलेला. ही साखळी मात्र त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. लोहवलयांची, शीतल, जडशीळ, शंभर कड्यांची ती जाळी ते उभ्या चाकावर वरून ओढत होते, आणि ती दर खेपेला हातभर उरत होती. मिशीवर हिमकण आणि कपाळावर घाम, असं त्यांचं चाललं होतं.

द्वारकाबाईंना राहवेना. पेटी जपून आसनावर ठेवून त्या खाली उतरल्या.

"अहो, असं रेटून का कुठे बांगडी चढते? बांगडी धरून ठेवायची नि हात वळवून तिच्यात आणायचा."

"हे चाक आहे, द्वारके."

"चाकाला काय, मनगट नसतं?"

त्यांनी मागच्या चाकापुढे साखळी हिमावर अंथरली, एकेक कडी सुलटी केली, एकेक पीळ उलगडला. भगवंतरावांनी जीप तसूभर पुढे घेतली. चाक वळलं, साखळीत आलं, अलगद, आज्ञाधारक, लाजऱ्या नवरीसारखं. मग दोन टोकं उचलून आकडा अडकवायचा, एवढंच उरलं. पहिलं चाक नटलं. भगवंतराव शीळ घालू लागले.

दुसऱ्या चाकाला साखळी बसली, ताणली, आणि आकडा थंडीनं कडकन तुटला.

"अहो, वाढली," द्वारकाबाई खालून म्हणाल्या.

भगवंतराव सुकाणूपाशी बसले होते. बांगडी वाढते हे त्यांना ठाऊक होतं, पण साखळी वाढली, म्हणजे सैल पडली, असं वाटलं. "मग ताणून घेतो," म्हणत त्यांनी जीप दोन हात पुढे काढली, आणि साखळी चाकावरून सुटून हिमात सपशेल लोळली.

"अगं, तुटली म्हणायचं ना!"

"चुड्याच्या कामाला निघालेय मी. तुटली, फुटली असलं तोंडातून काढू? चाळीस वर्षांत काढलं नाही." आणि एवढं बोलून त्यांचे डोळे भरून आले. चाराला दहा मिनिटं होती. पेटीतली हिरवी काच आणि वरची पांढरी खिंड, यांच्यामध्ये एवढासा आकडा तुटून पडला होता. इंदूचे हात उद्याही रितेच राहणार, या विचारानं त्या जीपच्या पायरीवर बसल्या.

भगवंतरावांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. तिथं काळ्या तारेची गुंडाळी होती. एस.टी.चा ड्रायव्हर निवृत्त होतो, त्याच्या खिशातली तार होत नाही. साखळी पुन्हा अंथरली गेली, चाक पुन्हा वळलं. तार सातपदरी झाली, पीळदार झाली, आकड्याच्या जागी घट्ट बसली. पहारेकऱ्यानं ती हलवून पाहिली, हसला, आणि चाराला दोन मिनिटं असताना फाटक उघडलं.

मग चढण. शुभ्र वळणामागून शुभ्र वळण, आणि चाकांची छुनछुन, छुनछुन, साऱ्या मौनभर. प्रत्येक हिसक्याला द्वारकाबाई पेटी उराशी धरत होत्या. माथ्यावर ऊन सोन्याचं झालं, तेव्हा भगवंतरावांनी जीप थांबवली. 'वाढली' या शब्दावरून त्यांनी बायकोला जन्मभर चिडवलं होतं. आता मात्र ते हळूच म्हणाले, "बघ तरी गं. एखादी वाढली का?"

द्वारकाबाईंनी पेटी उघडली. बोटं फिरली, काच किणकिणली.

"एकही नाही."

खाली दरीत, दवाखान्याच्या ओसरीवर, जीप दिसण्याआधी तो नाद ऐकू आला. इंदुमती दारात आली. आणि चुडा ल्यालेली चाकं वाजत वाजत उतरणीला लागली, तशी तिनं आपले दोन्ही हात, रिते, उघडे, उन्हात पुढे केले.