लांडग्याच्या हातभर बांगड्या

गोरेगावच्या बाजारतळावर तंबूचा सिनेमा उतरला आणि गाव आनंदानं वेडं झालं. एकटी चाँदबी बांगडीवाली तेवढी धास्तावली.

दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नव्हती. गेल्या वर्षी ती हिंगोलीला बहिणीकडं गेली, तेव्हा तिथं हाच तंबू होता. मोठ्या सिनेमाच्या आधी पडद्यावर हातानं काढलेली जनावरं चक्क चालली, नाचली, एकमेकांच्या पाठी लागली! चाँदबी चार दिवस रोज जाऊन बसली. मोठा सिनेमा कसला होता, ते तिला आज आठवतही नाही. पण चितारलेले ते तीन छोटे खेळ तिनं डोक्यात भरून गोरेगावात आणले आणि बांगड्या भरताना बायकांना सांगू लागली. गोष्ट रंगली की हात सैल पडतो, बांगडी अलगद चढते. लांडगा-बदकाचा खेळ मात्र फारच आखूड निघाला. बदकामागं धावणारा लांडगा विहिरीत पडतो नि संपतं. म्हणजे डावा हात भरून होतो आणि उजवा तसाच राहतो! मग चाँदबीनं बदकाकडून लांडग्याला वर काढवलं, त्याला हातभर हिरव्या बांगड्या भरल्या आणि खुशाल सासरी धाडून दिलं.

नेमकं तेच गाजलं. पाटलांच्या रुख्मिणीबाईंना नाचणारी भांडी आवडायची, पारुबाईला शिंकणारा हत्ती, आणि कोणता खेळ सरस यावर दोघी हमरीतुमरीवर यायच्या. तांड्यावरच्या मोतीबाईच्या हातात कोपरापर्यंत पांढरा चुडा, काचेच्या बांगडीला जागाच नाही. तरी ती केवळ लांडग्यासाठी दोन कोस चालत यायची.

"आज खरंखुरं पाहाचं! चाँदबी, तू मधी बस," मोतीबाईनं तिला हाताला धरून बायकांच्या कनातीत ओढलंच.

चाँदबी बसली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. घराघरांत थेट माजघरापर्यंत जाणारी बाई ती. खोटारडी ठरली, तर उद्या कोण तिच्या हातात हात देणार?

दिवे मालवले. पडद्यावर बदक आलं आणि कनातीत एकच कल्ला झाला. "आता मान लांबवतं बघ!" रुख्मिणीबाई ओरडल्या, आणि बदकानं मान लांबवली. "आता गाठ!" मानेची गाठ बसली. बायका टाळ्या पिटत होत्या, एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. भीती विसरून चाँदबीही हसली. मग लांडगा विहिरीत पडला, पाणी उडालं आणि पडदा पांढराफटक झाला.

"बांगड्या?" मोतीबाई उठून उभी राहिली. "बांगड्या कुठं गेल्या?"

"कापून ठेवल्या मेल्यानं!" पारुबाई म्हणाली, आणि साऱ्याजणी मशीनवाल्या खाजा मियावर तुटून पडल्या. तो बिचारा कानाला हात लावून शपथा घेत होता. मोतीबाईनं तर रिळाचा डबाच काखेत मारला.

गप्प बसली असती, तर चाँदबी सुटली असती. पण तिच्यापायी निष्पाप माणसाच्या डोक्यावर चोरीचा आळ येऊन राहिला होता, ते तिला बघवेना.

"सोडा त्याला," ती म्हणाली. "बांगड्या म्या भरल्या. दुसऱ्या हाताला गोष्ट पुरत नव्हती म्हून."

मोतीबाईनं काखेतला डबा हळूहळू खाली ठेवला.

"म्हंजे तो सासरी गेलाच न्हाई?" तिचे डोळे भरून आले. चाँदबीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणीतरी शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

खाजा मियानं डबा उचलला. पण मोठा सिनेमा लावायचं सोडून तो तिथंच घुटमळला.

"आपा," तो हळूच म्हणाला, "तीन साल झाले, हे दाखवून राहिलो. हर बार तो बिचारा लांडगा विहिरीतच राहतो. तुमच्या गोष्टीत बाहेर निघतो का?"

चाँदबीनं बायकांकडं पाहिलं. रुख्मिणीबाई सरकल्या आणि त्यांनी शेजारी जागा केली.

"निघतो की," चाँदबी म्हणाली. "बसा मियाभाई, सांगते."