दाराजवळचं घड्याळ

कारकूनबाईंनी फाइल तिच्याकडे फिरवली आणि एका ओळीखाली पेन्सिल टेकवली.

“हे कुणाचं अक्षर?”

“बाबांचं.”

ते लपण्यासारखं नव्हतंच. एकेक अक्षर कवायतीला उभं राहिल्यासारखं ताठ. तिच्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमाफीच्या अर्जातलं एक पान पालकांनी भरून परस्पर विद्यापीठाला पाठवायचं होतं. कुटुंब खर्च उचलू शकतं का, या प्रश्नापुढे बाबांनी लिहिलं होतं : ‘सर्वस्वी समर्थ. काळजी नसावी.’

बाबा घड्याळजी. दुकान एवढं चिंचोळं, की गिऱ्हाईक आत आलं तर बाबांना बाहेर यावं लागे. गप्पा मात्र ऐसपैस. चौकातल्या मनोऱ्यावरचं बंद घड्याळ त्यांनी म्हणे नुसतं डोळे वटारून चालू केलं होतं. घाबरून ते पुढे महिनाभर दहा मिनिटं आधीच टोले देत होतं.

“मॅडम, हे खरं नाही. ते... असंच बोलतात.”

“अगं, गरिबी फुगवून सांगणारे रोज येतात. श्रीमंती फुगवणारा हा पहिलाच.” बाईंना हसू आलं, ते त्यांनी लगेच आवरलं. “समितीने हे वाचून तुझं नाव गाळलं. यादी लागली. आता पुढच्या वर्षी.”

“शुक्रवारी मुदत संपते. फी नाही भरली तर व्हिसाही जातो.”

बाईंनी फाइलची नाडी बांधली. मग सोडून पुन्हा बांधली.

जिन्यात तिने फोन लावला.

“काय गं, झाली ना फी माफ? असं झोकात लिहिलंय, समिती उठून उभी राहिली असेल! रडक्या तोंडाला कोण काय देतं? माणूस घरंदाज दिसावा लागतो.”

तिने कठड्याचा सुटलेला रंग नखाने खरवडला. फोनमधून दुकानातली टिकटिक ऐकू येत होती. दाराजवळ उंचावर टांगलेलं एक घड्याळ बाबांनी तिच्या इथल्या वेळेवर लावलं होतं. त्याच्याकडे बघून ते गिऱ्हाइकांना सांगत, आत्ता लेक जेवत असेल, आत्ता वर्गात असेल.

“बाबा, ते दाराजवळचं घड्याळ...”

“सेकंदाचा फरक नाही त्यात!”

“ते आता आपल्या घरच्या वेळेवर लावून टाका.”

मग स्टूल ओढल्याचा आवाज.

“माझं अक्षर लागलं नाही का गं त्यांना?”

“लागलं, बाबा. सगळ्यांना लागलं.”

स्टूल करकरलं. बाबा वर चढले की खाली बसले, ते तिला कळलं नाही.