तीनबोट्या

खोटं मीच बोलले होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावानं खडे फोडायची सोय नाही.

मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात घर घेतलं त्या वर्षीची गोष्ट. मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी वरण वाढता वाढता विचारलं, "भोसले म्हणजे कुठले गं? साताऱ्याकडचे का?" आपल्या लोकांची ही एक खोड आहे. समुद्र ओलांडला, पासपोर्ट बदलले, पण 'तुम्ही कुठले' काही सुटत नाही. आणि विचारणाऱ्याला गावाचं नाव नकोच असतं. मी म्हणाले, "सोलापूरकडचे. वडील फॉरेस्टमध्ये होते." काकू खूश. "अय्या, म्हणजे जीप, बंगला वगैरे!" मी मान हलवली. झालं. ते खोटं सहा वर्षं माझ्याकडे आरामात नांदलं.

आम्ही भोसले म्हणजे फासेपारधी. लग्नानंतरही मी आडनाव सोडलं नाही, पण त्याच्यामागचं सगळं झाकून ठेवलं. आबा, म्हणजे माझा बाप, जाळी लावून लावे आणि तितर धरायचा. त्याचा बापही तेच करायचा. गावात चोरी झाली की पोलीस आधी आमच्या पालावर यायचे, मग चोरी कुठे झाली ते बघायचे. मी चार वर्षांची असताना आई गेली. आबानं मला आश्रमशाळेत घातलं आणि दर पंधरा दिवसांनी बावीस किलोमीटर चालत भेटायला यायचा. शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा, आत यायचा नाही. त्या माणसाच्या जिवावर मी पुण्यात इंजिनियर झाले, आणि मेलबर्नला येऊन त्यालाच खाकी कपडे घातले. लाज वाटायला हवी होती. वाटायचीही, पण सवय झाली की लाजही गप्प बसते.

यंदा मार्चमध्ये आबा पहिल्यांदा इकडे आला. पहिल्याच संध्याकाळी मी दार लावून त्याला सांगितलं, "आबा, इथं कुणी विचारलं तर तू फॉरेस्टात होतास."

आबा माझ्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. "होतो की! दोन येळा नेलं फॉरेस्टवाल्यांनी. एकदा तर अकरा महिनं ठिवून घेतलं."

"आबा, चेष्टा नको."

"न्हाई करत. तू म्हणशील तसं."

माझा नवरा हृषिकेश बाहेर भांडी घासत होता. त्याला सगळं ठाऊक आहे. तो एवढंच म्हणाला, "चारुता, हे अति होतंय." मी त्याच्यावर खेकसले. कोथरूडच्या माणसाला काय जातंय सांगायला!

आता सलिल. सलिल आमच्या मागच्या गल्लीतला, हृषिकेशच्या क्रिकेट टीममधला, माणूस चांगला. पण त्याला दर वर्षी एक नवीन वेड लागतं. आधी सायकल, मग मधमाशा, आणि यंदा शिकार. बंदुकीचं लायसन्स, शिकारीचं गेम लायसन्स, सगळं रीतसर काढलं. पुण्यात कबुतराला 'हट्' न म्हणणारा माणूस इथे क्वेल मारायला निघाला. क्वेल म्हणजे आपला लावाच, जातीनं थोडा वेगळा. एका शुक्रवारी तो घरी आला आणि सोफ्यावर बसायच्या आधीच म्हणाला, "काका, उद्या सीझन उघडतोय. तुमच्यासारखा फॉरेस्टमधला एक्स्पर्ट बरोबर असला तर मजा येईल. चला ना!"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं तोवर आबा "चला" म्हणून मोकळा. लाव्याचं नाव काढल्यावर तो कशाला थांबतोय.

म्हणजे शनिवारी सकाळी सलिलच्या गाडीत मागच्या सीटवर आबाशेजारी मी. सलिल मुद्दाम मराठीत, सावकाश, नियम समजावत होता. एप्रिलच्या पहिल्या शनिवारपासून जूनअखेरपर्यंत. दिवसाला माणशी वीस पक्षी. शेतमालकाची परवानगी हवी. आणि मारायचा फक्त स्टबल क्वेल, त्याच्यासारखे दिसणारे दुसरे चारदोन पक्षी आहेत त्यांना हात लावायचा नाही, नाहीतर जबर दंड, लायसन्स जप्त, कोर्टकचेरी.

"आन् बाकी नऊ महिनं?" आबानं विचारलं.

"पूर्ण बंदी, काका."

"म्हंजी अंडी-पिल्लं व्हईस्तवर मोकळं सोडत्यात. चांगलंय. आमच्यात बी पोटुशी मादी घावली तर..."

मी त्याच्या गुडघ्याला असा चिमटा काढला की तो मध्येच थांबला. सलिलनं आरशातून बघितलं. "तुमच्यात म्हणजे डिपार्टमेंटमध्ये ना?"

"व्हय," आबा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. आणि मला, खरं सांगते, रडू आलं. पोटुशी मादी सापडली तर सोडून द्यायची, हा नियम आमच्या लोकांनी कुठल्याही कागदाशिवाय पाळलाय. ते सांगताना त्याचा चेहरा उजळला होता, आणि मी चिमटा काढला.

स्किप्टन गावाच्या अलीकडे एका शेतावर आम्ही उतरलो. गहू कापून गेलेला, घोट्याएवढे खुंट उभे, वारा असा की कान दुखावेत. सलिलनं बंदूक काढली आणि आबाला बजावलं, "काका, तुम्ही माझ्या मागेच राहा हं. लायसन्स नसलेल्या माणसानं शिकारीसाठी पक्षी उठवले तरी इथे ती शिकारच धरतात."

आबा माझ्या कानाशी म्हणाला, "बरंय की. आपल्याकडं नुसतं वावरात हुबं ऱ्हायलं तरी धरत्यात."

सलिलनं तासाभरात तीन लावे पाडले आणि अकरा चुकवले. पडलेला प्रत्येक पक्षी तो आबाला दाखवायचा आणि आबा बोटानं पंख उघडून मान हलवायचा. शेताच्या टोकाला एक न नांगरलेली पट्टी होती. दगड, विरळ गवत, मध्ये गुरांच्या पाण्याचा हौद आणि त्याच्या भोवती ओलसर माती. सलिल तिकडे वळला. आबा हौदापाशी उकिडवा बसला, मातीकडे बघितलं आणि माझा हात पकडला.

"पोरी, त्याला थांबिव."

"का?"

"थांबिव म्हन्तो ना!"

मी ओरडले. सलिल थांबला, पण वैतागून. दहा पावलांवर गवतात काहीतरी सरसरत होतं, तपकिरी, मुठीएवढं. "काका, क्वेलच आहे, मी बघितला. आता उडेल."

"ह्यो लावा न्हाई," आबा म्हणाला. "ह्यो तीनबोट्या."

"म्हणजे?"

"लाव्याला म्होरं तीन बोटं आन् मागं एक. ह्येला मागलं बोटच न्हाई. ही बघ पावलं."

सलिल वाकून बघायला लागला. मातीत रेघा होत्या, बाकी त्याला काही दिसत असेल असं वाटत नाही. मलाही आधी दिसलं नाही. मग दिसलं. लहानपणी बघितलेलं डोळे विसरत नाहीत. "पण काका, ओली माती, बुजलं असेल मागचं बोट," सलिल म्हणाला. "मी मारणार नाही, पण खात्री कशी करायची?"

"आधी त्यातल्या गोळ्या काढ," आबा म्हणाला. सलिलनं काडतुसं काढली, बंदूक बिजागरीत मोडून उघडी हातावर घेतली. मग आबानं ओठांवर दोन बोटं ठेवली आणि लाव्याची साद घातली.

वीस वर्षांनी ऐकली मी ती. अंगावर काटा आला. इथला लावा बोलतो तसं आबानं सकाळपासून ऐकून उचललं होतं. मागच्या खुंटांमधून लगेच एकानं उत्तर दिलं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. गवतातला पक्षी मात्र गप्प. "बघ," आबा म्हणाला, "ह्येला ती भाषाच न्हाई." सलिलचं तोंड उघडंच राहिलं. आणि एवढ्यात मागून आवाज आला, "गुड मॉर्निंग. साद कोण घालत होतं?"

शिकारीचे नियम बघणाऱ्या खात्याची बाई होती. फाटकाशी गाडी लावून दुर्बिणीतून आमच्याकडे बघत उभी होती म्हणे. युनिफॉर्म, छातीवर बॅज, हातात वही. तिनं सलिलचं लायसन्स बघितलं, तीन पक्षी मोजले, बंदूक रिकामी आहे हे बघितलं. मग आबाकडे वळली. "यांचं लायसन्स?"

शिकारीच्या शेतात, लायसन्स नसताना, पक्ष्यांना साद. इकडे येऊन एक महिना झाला नाही आणि माझा बाप परत कुठल्या तरी वहीत चढणार. मी भराभर इंग्रजीत सांगितलं की बंदूक आधी रिकामी केली, साद नंतर घातली, कशासाठी घातली, पावलं कुठे आहेत. ती ऐकत होती, पण वही उघडीच होती.

"तीन बोटांवरून ओळखलं? हे कुठे शिकले ते?" तिनं विचारलं.

सलिलनं बिचाऱ्यानं मदत म्हणूनच सांगितलं, "ते इंडियात फॉरेस्ट ऑफिसर होते. रिटायर्ड."

"ओह!" बाईचा चेहरा एकदम सैल झाला. खात्यातल्या माणसानं खात्यातल्या माणसाकडे बघून हसावं तशी हसली. तिनं माझ्याकडे बघितलं, मी 'हो' म्हणावं म्हणून. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. आबा सुटला असता, मीही सुटले असते.

"काय म्हन्ती?" आबानं विचारलं. मी सांगितलं.

"मग व्हय म्हण की. कशाला झंझट."

मी त्याच्याकडे बघितलं. युनिफॉर्म दिसल्याबरोबर त्यानं टोपी काढून हातात घेतली होती, दोन्ही हात पोटाशी, मान खाली. या शेतात त्या पावलांचा अर्थ कळणारा एकटा तोच, आणि तोच चोरासारखा उभा! आणि ते सुद्धा माझं खोटं सांभाळायला. माझं डोकंच सटकलं. कुणावर म्हणाल तर माझ्यावरच.

"नाही," मी म्हणाले. "माझे वडील फॉरेस्ट ऑफिसर नव्हते. ते पारधी आहेत. आमची जमात पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरून जगली. पुढे कायद्यानं बंदी आली, तरी यांनी दोन लावे धरले, कारण घरात मी होते आणि खायला नव्हतं. त्यासाठी अकरा महिने तुरुंगात होते. दुसऱ्या वेळी हातात काहीही नव्हतं, नुसते शेतात उभे होते, तरी नेलं. हे पावलांचं ज्ञान त्यांना कुठल्या खात्यानं शिकवलेलं नाही. त्यांच्या बापानं शिकवलं. फॉरेस्टचं मी सांगितलं होतं सगळ्यांना. ते खोटं होतं."

इंग्रजीत बोलले, पण 'पारधी' शब्द आबाला कळला. त्यानं झटकन वर बघितलं.

सलिलनं बंदूक दुसऱ्या हातावर घेतली. मग मराठीत म्हणाला, "चारुता, तू आधी सांगितलं असतंस तर..."

"तर काय?"

तो मान खाली घालून पळाला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पुढे होऊन त्यानं आबाला म्हटलं, "काका, आज तुम्ही नसता तर मी तो पक्षी मारला असता."

"व्हय," आबा म्हणाला. "मारला असतास."

बाईनं वही मिटली. तिनं काही भाषण वगैरे केलं नाही. "मला दाखवतील का?" एवढंच विचारलं.

मग आबा उकिडवा बसला आणि ती युनिफॉर्ममधली बाई त्याच्या शेजारी मातीत गुडघे टेकून बसली. तो काडीनं दाखवत होता, मी मध्ये उभी राहून सांगत होते. हे पाऊल मादीचं, मोठं आहे. या जातीत मादी थोराड आणि नर पोरं सांभाळतो. हा नर, त्याच्याबरोबर हे बारीक ठिपके, दोन पिल्लं, फार तर पंधरा दिवसांची. बाईनं मोबाईलवर फोटो काढले, तिच्या हाताला माती लागली, तिला फिकीर नव्हती. 'नर पोरं सांभाळतो' हे इंग्रजीत सांगताना मी आबाकडे बघितलं. त्यानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

पाच मिनिटांनी गवतातून तो पक्षी स्वतःच बाहेर आला. उडाला नाही, धावला. मागे दोन ठिपके. बाईनं दुर्बीण लावली, पायांच्या तीनही जोड्या हौदापलीकडे जाईपर्यंत काढलीच नाही. मग म्हणाली, बटन-क्वेलच आहे, म्हणजे आबाचा तीनबोट्या, संरक्षित, आणि या शेतावरची नोंद तिच्याकडे नव्हती. ही पट्टी शिकारीतून वगळायला ती शेतमालकाशी बोलणार होती. तिनं वही परत उघडली.

"नोंदीत बघणाऱ्याचं नाव लागतं," ती म्हणाली. "त्यांचं पूर्ण नाव काय?"

"आता काय?" आबानं विचारलं. वही उघडलेली बघून त्याचे हात पुन्हा पोटाशी गेले.

"नाव विचारतायत, आबा. हा पक्षी कुणी ओळखला ते लिहायचंय."

"माजं?"

"तुझंच."

इतका वेळ सलिलसमोर मी त्याला 'तुम्ही' म्हणत होते. आता तोंडातून 'तू' गेलं आणि बरं वाटलं. आबानं टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली. हात खाली सोडले.

"झुंबर चिंधू भोसले," तो म्हणाला, चांगला मोठ्यानं. बाईनं माझ्याकडून ऐकून लिहून घेतलं आणि वही मिटायला लागली.

"थांब म्हणाव तिला," आबा म्हणाला. "म्होरं लिव्ह म्हणाव, फासेपारधी."

"आबा, इथं जात लिहीत नाहीत."

"तिकडं न इचारता लिवायचे. इथं मी सोताहून सांगतोय. लिव्ह म्हणाव."

मी सांगितलं. तिनं लिहिलं.