पाच घाडी, एक जून

मला बनावट म्हणायची आजवर कुणाची हिंमत झाली नव्हती. बुधवारी दुपारी दोन वाजता ती एका अ‍ॅपने केली. बुद्धिबळाचं अ‍ॅप उघडलं, तर पटाच्या जागी लाल चौकट आणि तिच्यात लिहिलेलं: ‘एकाच व्यक्तीने अनेक बनावट खाती चालवल्याचे आढळल्यामुळे आपले खाते स्थगित करण्यात आले आहे.’ मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तरी तेच. तोवर समोरच्या खोलीतून विमला मोबाइल हातात धरून आली. मागोमाग कुंदा, शेवंती आणि बेबी. पाचही मोबाइलवर तीच लाल चौकट.

आम्ही घाटकोपरच्या भटवाडीतल्या. पूर्वी चाळ होती, आता त्याच जागेवर इमारत उभी आहे आणि चौथ्या मजल्यावर आमच्या भावकीची पाच बिऱ्हाडं आहेत. सगळे घाडी. सख्ख्या-चुलत मिळून आम्ही पाच जावा. वायफाय मात्र एकच, ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत बसवलेलं. मला बुद्धिबळ शिकवलं ते आमच्या ह्यांनी, जयवंतनी. गिरणीचा संप लांबला तेव्हा घरात बसून दुसरं करणार काय? पुढे लॉकडाउनमध्ये मी ते या चौघींना शिकवलं. यंदा माझ्या सुनेने, मानसीने, एका बैठकीत पाचही आधारकार्डं बघून आमचे फॉर्म भरले आणि उपनगरांच्या ऑनलाइन स्पर्धेत आमचा संघ घातला. थट्टेत घातला असावा. पण आम्ही एकेक फेरी जिंकत गेलो आणि येत्या रविवारी आमचा अंतिम सामना होता.

तो आमच्या हातून गेला म्हणून मी चिडले, हे खरंच. पण विमलाचं तोंड बघितलं आणि सामना विसरले. विमलाचा नवरा लवकर गेला. तिने वीस वर्षं एका शाळेत पोळ्या लाटल्या. रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर, खोली मुलाच्या नावावर, गॅस अजून नवऱ्याच्याच नावावर. स्वतःच्या नावाचं असं तिचं पहिलं काही असेल तर हे खातं. वर तिचा बारीकसा फोटो, खाली ‘विमला घाडी, सात डाव, सात विजय’. आमच्यात एकही डाव न हरलेली ती एकटीच.

“म्हणजे मी नाय?” तिने विचारलं. “मगे ते सात डाव कोण जिंकला?”

मी पुन्हा लाल चौकट उघडली. खाली तक्रारीसाठी एक रकाना होता. मानसी ऑफिसात होती, पण माझं डोकं तापलेलं. मीच लिहिलं: ‘आम्ही पाच जणी आहोत आणि पाचही जिवंत आहोत. वडीलधाऱ्या बायकांना खोटं म्हणताना लाज वाटत नाही का? ताबडतोब खाती उघडा.’ मजकूर मला झकास वाटला, म्हणून चौघींनाही पाठवला. त्यांनी तो जसाच्या तसा आपापल्या रकान्यात टाकला. मिनिटभरात उत्तर हजर: ‘पाचही अर्ज एकाच व्यक्तीने लिहिल्याचे आढळले. निर्णय कायम.’

संध्याकाळी मानसीने घरात पाय ठेवला आणि सगळं ऐकून कपाळाला हात लावला. “आई, पाच जणींनी एकच मजकूर पाठवला? वाट लावलीत ना!”

“मग? पाच जणींचं म्हणणं एकच होतं.”

“जाऊ दे ना आई, गेम आहे. पुढच्या वर्षी खेळा.”

“गेम तुला,” मी म्हटलं. “तिकडे विमला जेवली नाहीये.”

मानसी आयोजकांचा पत्ता शोधायला लागली. अंधेरी पूर्वेला एक बुद्धिबळ मंडळ होतं, तेच ही स्पर्धा भरवत होतं. गुरुवारी सकाळी आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून, आधारकार्डं पिशवीत घालून मेट्रोत बसलो. विमला येत नव्हती. मी तिला हाताला धरून जिन्यापर्यंत आणली, पुढे ती आपल्या पायांनी आली.

मंडळाच्या कार्यालयात देवदत्त नावाचे सचिव होते. चाळिशीतले, इस्त्रीच्या शर्टातले, बोलायला गोड. शेजारी संगणकावर इरावती नावाची मुलगी बसलेली. पलीकडे तिघे तरुण खेळाडू सराव करत होते. देवदत्तनी आम्हाला खुर्च्या दिल्या, शिपायाला चहा सांगितला आणि मग आधारकार्डं न बघताच हळूच चाकू बाहेर काढला.

“काकू, तुमच्या वयाचा मला आदर आहे. पण तुम्हीच सांगा, मी काय समजू? पाचही खाती एकाच वायफायवरून चालतात. पाचही घाडी. पाचही दुपारी दोन ते चार या वेळातच खेळतात. पाच जणींच्या पहिल्या चार चाली सारख्याच. आणि कहर म्हणजे पाचही जणींची जन्मतारीख एक जून! कुणीतरी घाईत एकच तारीख भरत गेलंय, हे कुणीही सांगेल.”

मला आधी राग आला आणि मग हसूच फुटलं.

“देवदत्तसाहेब, तुमचा जन्म कुठला?”

“पार्ल्याचा. इस्पितळातला.”

“तरीच. आमच्या वेळी तारीख लिहून ठेवायला कुणाला फुरसत होती? मी जन्मले तेव्हा भाताची लावणी चालली होती, एवढंच आईला ठाऊक. शाळेत घालायला गेले की गुरुजी विचारायचे, तारीख काय? बाप डोकं खाजवायचा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून गुरुजी एक जून टाकून मोकळे. विमलाच्या गावच्या गुरुजींनी तेच केलं, कुंदाच्या गावच्यांनीही तेच. पाच गावं, पाच गुरुजी, तारीख एक. सरकारला चालते, बँकेला चालते. तुमच्याच मशीनला चालत नाही?”

देवदत्त कसनुसं हसले. तसं हसणं मला कळतं. म्हातारी बाई काहीतरी गोष्ट सांगतेय, असं हसणं.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेला शिपाई तिथेच थांबला. धाकू त्याचं नाव, निवृत्तीला आलेला. “साहेब,” तो म्हणाला, “माझी पण एक जूनच आहे.”

देवदत्तनी त्याच्याकडे वळून बघितलं. “धाकू, तुझा वाढदिवस तर…” आणि पुढे त्यांना काही आठवेना.

इरावती केव्हाची काहीतरी शोधत होती. तिने पडदा आमच्याकडे फिरवला. “सर, हे बघा. स्पर्धेत पंचावन्नच्या वरचे एकशे वीस खेळाडू आहेत. त्यातल्या एकेचाळीस जणांची तारीख एक जून आहे. आणि यातली आणखी चौदा खाती आपण बंद केलीत. दहिसर, मुलुंड, गोवंडी… त्यांनी तक्रारसुद्धा केलेली नाही.”

 ते चौदा जण माझ्या डोळ्यांसमोर आले. लाल चौकट वाचून, आपलंच काही चुकलं असेल म्हणून मोबाइल बाजूला ठेवणारे. मला आणखी चेव आला.

“पण काकू,” देवदत्त अजून चिवट, “तारखेचं मानलं. सारख्या चालींचं काय? समजा, घरातला एखादा हुशार मुलगा पाचही खात्यांवरून खेळत असेल तर?”

“या चौघींना मीच शिकवलंय, मग सुरुवात एकीसारखी दुसरीची असणारच. आणि दुपारी दोन ते चार एवढाच वेळ बाईला स्वतःसाठी मिळतो, दुसरा कुठला सांगा?” मी पदर खोचला. “पट मांडा. पाच. आम्ही पाच, तुम्ही पाच. घरातला तो हुशार मुलगा आम्ही पिशवीतून आणलेला नाही.”

ते तिघे तरुण हसत हसत उठले. इरावती बसली, देवदत्त बसले. मी मुद्दाम विमलाला देवदत्तसमोर बसवलं.  मोबाइलवर बोटाने खेळायची सवय, त्यात समोर सचिव. पहिलं प्यादं तिने दोन बोटांनी असं उचललं, जणू ते तापलेल्या तव्यावरचं आहे.

पहिल्या चार चाली पाचही पटांवर सारख्या पडल्या. पाचवीला आमच्या वाटा फुटल्या. मी तर वजीर काढून थेट अंगावर जाणारी. कुंदा घोड्यांच्या प्रेमात, घोडा मेला की तिचा डाव मेला. शेवंती दर चालीला पुटपुटते. बेबी बरोबरी मिळाली की खूश. आणि विमला एक प्यादंही फुकट देत नाही. इरावती आपली चाल विसरून आमचे पट बघत राहिली. “सर,” ती म्हणाली, “या पाच जणी आहेत. सरळ दिसतंय.”

कुंदा हरली. बेबीने बरोबरी केली. शेवंतीने इरावतीला हरवलं आणि माझ्यासमोरच्या पोराने पंचविसाव्या चालीला हात वर केले. मग सगळे विमलाच्या पटाभोवती गोळा झालो. देवदत्तच्या शर्टाची इस्त्री एव्हाना मोडली होती. विमलाचं एक प्यादं कडेकडेने, कुणाच्या अध्यात ना मध्यात, सातव्या घरात जाऊन बसलं होतं. देवदत्तनी त्याच्याकडे बघितलं आणि आपला राजा आडवा करून डाव सोडला.

“विमलाताई,” ते उठून उभे राहिले, “ते सात डाव तुम्हीच जिंकलात. माफ करा.”

विमलाने डोळ्यांना पदर लावला. मी नाही लावला. मी म्हटलं, “माफी लिहून द्या. आणि त्या चौदा जणांनाही पाठवा.”

इरावतीने ती आमच्यासमोरच टाइप केली. पाच आणि चौदा, सगळी खाती तिथल्या तिथे उघडली. धाकूने न सांगता दुसऱ्यांदा चहा आणला.

रविवारी ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत आम्ही पाच जणी पाच मोबाइल घेऊन ओळीने बसलो. निरीक्षक म्हणून इरावती आली होती. दारात अख्खा मजला जमलेला, आमचे हे सगळ्यांत पुढे. समोरचा संघ बोरिवलीचा, चार वर्षं न हरलेला. तीन वाजले, आम्ही अ‍ॅप उघडलं आणि पाचही मोबाइल एकदम वाजले. पडद्यावर फुगे वर चढत होते. रविवारी एक जून होता.

‘रत्नप्रभा घाडी, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ मी ‘ठीक’ दाबलं आणि खेळायला लागले. दोन चाली झाल्यावर शेजारी बघते तर विमला हललेलीच नाही. पडदा पुढे धरून बसलेली. फुगे तसेच, तिचं नाव तसंच आणि कोपऱ्यात तिचं घड्याळ पळतंय.

“गो, दाब ता! वेळ जाता तुझो!”

“दाबलंय तर जायत तां,” ती म्हणाली. “माका कोणी कधी म्हटला नाय गो. माझ्या आवशीक तारीख ठावक नाय होती.”

ठाऊक नव्हती ती माझ्याही आईला. दारातली माणसं ओरडत होती, मानसी कपाळ बडवत होती आणि विमला आपल्या नावाकडे बघत होती. पंधरा मिनिटांतली चार तिने अशी घालवली. मग पदराने पडदा पुसला, ‘ठीक’ दाबलं आणि राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं.

कुंदा हरली, बेबीही हरली. मी आणि शेवंती जिंकलो. दोन-दोन. उरला विमलाचा डाव आणि तिच्या घड्याळात चाळीस सेकंद. तिने घाई केली नाही. तसंच एक कडेचं प्यादं एकेक घर सरकत आठव्या घरात पोचलं आणि वजीर झालं. अकरा सेकंद बाकी असताना बोरिवलीने डाव सोडला.

मजला दणाणला. आमच्या ह्यांनी टोपी उडवली, ती पंख्यात अडकली. मानसी मला मिठी मारून रडली. इरावतीने ‘विजेता संघ’ असा पडदा सगळ्यांना दाखवला.

विमला मात्र मोबाइल उलटसुलट करत काहीतरी शोधत होती.

“काय गो हरवला?”

“तां वाढदिवसाचा. परत कधी येतला?”

“पुढल्या वर्साक. एक जूनाक.”

तिने मान डोलावली आणि मोबाइल छातीशी धरला. “मगे पुढल्या वर्साक पण खेळाक व्हया,” ती म्हणाली, आणि लगेच कुंदाकडे वळली. “तू तुझे घोडे सांभाळूक शीक.”